वर्तुळाचा चौरस करणं अशक्य कधी ठरलं?

एकमेकींना छेद देणारी आश्वासनं एकाच वेळी पाळायची वेळ आली, की इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘स्क्वेअरिंग द सर्कल’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. अशक्य कोटीतलं काम, एवढाच अर्थ त्यात आता उरला आहे. मूळ कोडं मात्र फार नेमकं आहे: दिलेल्या वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढायचा, तोही फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी घेऊन. सगळी अडचण या अटीत आहे.

आयताचा चौरस याच साधनांनी सहज होतो. ४ आणि ९ लांबीचे रेषाखंड एका रेषेत जोडा, त्या १३ च्या व्यासावर अर्धवर्तुळ काढा आणि जोडाच्या बिंदूवर लंब उभारा. तो अर्धवर्तुळापर्यंत बरोबर ६ भरतो. तीच चौरसाची बाजू. सरळ बाजूंची कुठलीही आकृती अशी चौरसात आणता येते. मग वर्तुळही येईल, ही ग्रीकांची आशा वेडगळ नव्हती. तरी इ.स.पू. ४१४ मध्येच अथेन्सच्या एका विनोदी नाटकात असा चौरस करायला निघालेल्या भूमितीकाराची टर उडवलेली आहे.

आपल्याकडे यज्ञासाठी गोल आणि चौकोनी वेदींचं क्षेत्रफळ सारखं लागे. वेदींची मापं सांगणाऱ्या बौधायन शुल्बसूत्र या प्राचीन ग्रंथात व्यासाचे १५ भाग करून २ सोडण्याची आणि उरलेले १३ चौरसाची बाजू धरण्याची एक रीत आहे. तिने क्षेत्रफळ चार टक्क्यांहून थोडं अधिक कमी पडतं, आणि सूत्रातच तिला ‘अनित्य’, म्हणजे काटेकोर नसलेली, म्हटलं आहे.

वादाचा खरा मुद्दा १७७५ सालचा. त्या वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठराव केला, की वर्तुळाचा चौरस, दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन, कोनाचे तीन समान भाग यांची उत्तरं आणि अखंड चालणारी यंत्रं यापुढे तपासायची नाहीत. कारणं माणुसकीची दिली होती. सरकारांनी या कोड्यावर मोठं बक्षीस लावलंय अशी लोकांत समजूत होती; त्यापायी माणसं कामधंदा सोडून बसत, काहींचं डोकंही फिरलं. उत्तरं पाठवणाऱ्यांना मुळात प्रश्नच कळलेला नसतो, हाही अनेक वर्षांचा अनुभव होता.

ही कारणं खरी होती. पण तेव्हा अशक्यतेची सिद्धता कुणाकडेच नव्हती, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ पाय (π) असतं, म्हणून चौरसाची बाजू पायचं वर्गमूळ हवी. पाय ही संख्या अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात नेमकी लिहिता येत नाही, एवढंच १७६० च्या दशकात सिद्ध झालं होतं, आणि तेवढ्याने काही ठरत नाही. २ चं वर्गमूळही अपरिमेय आहे, तरी चौरसाचा कर्ण काढला की ते हातात येतं. म्हणजे खुल्या प्रश्नावर एका मोठ्या संस्थेने कारभाराच्या सोयीसाठी दार लावलं. निकाल पुढे बरोबर निघाला, म्हणून तेव्हाची घाई योग्य ठरत नाही. घन आणि कोन यांचा निकाल १८३७ मध्ये लागला. वर्तुळाला १८८२ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा एका जर्मन गणितज्ञाने दाखवलं, की पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याच बहुपदी समीकरणाचं पाय हे उत्तर असू शकत नाही. कंपास-पट्टीने मिळणारी प्रत्येक लांबी मात्र अशा समीकरणातून येते. तिथे वाट कायमची बंद झाली.

सिद्धता झाल्यावरही हौशी लोक थांबले नाहीत. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने अशा एका ‘उत्तरा’चं विधेयक ६७ विरुद्ध ० मतांनी मंजूरही केलं, वरिष्ठ सभागृहाने ते बेमुदत लांबणीवर टाकलं. याउलट १९१३ मध्ये मद्रासच्या एका तरुण कारकुनाने पायच्या ३५५/११३ या जवळच्या किमतीवर बेतलेली रचना प्रसिद्ध केली आणि ती अंदाजी आहे हेही सांगितलं: १,४०,००० चौरस मैलांच्या वर्तुळात बाजूची चूक सुमारे एक इंच. ती ज्या नियतकालिकात आली, ते चालवणाऱ्या गणितसंस्थेचं ग्रंथालय तेव्हा पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात होतं.

युरोपीय संघ सोडण्याच्या २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटनमध्ये ‘स्क्वेअरिंग द सर्कल’ हा शब्दप्रयोग जणू रोजचा झाला. संघाच्या सामायिक बाजारपेठेतून बाहेर पडायचं, आयर्लंडच्या जमिनीवरच्या सीमेवर तपासणी नको आणि उत्तर आयर्लंड व उरलेल्या ब्रिटनमध्येही नको, अशा तीन अटी होत्या. तिन्ही एकत्र बसल्या नाहीत. जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी तिथल्या बंदरांवर सुरू झाली, म्हणजे तिसरी अट सोडावी लागली.