ब्रेक ऑइल बदलताना घ्यावयाची काळजी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी सर्व्हिसिंगला देताना इंजिन ऑइल बदलले की नाही, याची चौकशी बहुतेक ग्राहक आवर्जून करतात. ब्रेक ऑइलच्या बाबतीत मात्र बॉनेटखालील त्याच्या डबीतील पातळी पुरेशी असल्याचे कळले की विषय तिथेच संपतो. वास्तविक डबी काठोकाठ भरलेली असली तरी आतील ऑइल निकामी झालेले असू शकते, आणि ते ओळखू येत नसल्यामुळेच ही माहिती आम्ही देत आहोत.

पेडल दाबल्यावर पायाचा जोर मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडलला जोडलेल्या पंपातून, बारीक नळ्यांतील ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव सहसा दाबला जात नाही, या एका गुणावर ही सारी व्यवस्था उभी आहे. आपल्याकडील बहुतेक मोटारींत वापरले जाणारे डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींचे ऑइल ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून बनते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. डबीच्या झाकणातून आणि रबरी होजमधूनही हा ओलावा हळूहळू आत शिरतो. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत.

हा फरक शहरात सावकाश गाडी चालवताना जाणवत नाही. पाच माणसे आणि सामान घेऊन गणपतीला कोकणात निघालेली गाडी आंबा घाट उतरू लागते आणि चालक ब्रेकवर पाय ठेवूनच एकामागून एक वळणे घेतो, तेव्हा मात्र तो जाणवतो. चाकाची तबकडी दाबून धरणारे पॅड तापतात, ती उष्णता पॅड आवळणाऱ्या कॅलिपरमधून ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळून नळीत वाफ धरते आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल थेट खाली बसते. थोड्या वेळाने सारे थंड झाले की ब्रेक पुन्हा लागू लागतात, त्यामुळे काही बिघाड नव्हताच अशी समजूत होते. ही समजूत अत्यंत धोकादायक आहे. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा, हे खरेच. पण जुने ऑइल त्याने नवे होत नाही.

अनेक कंपन्या दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलण्यास सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील मुदत प्रमाण मानावी. उभ्या गाडीतही ओलावा शिरतच असल्याने केवळ किलोमीटरवर विसंबू नये. ऑइलचा रंग काळसर झाला म्हणजे ते जुने आहे, असे साधारणपणे म्हणता येते, परंतु रंग स्वच्छ असला म्हणून त्यात पाणी नाही, असे म्हणता येत नाही. डबीतील पातळी उतरली असेल, तर वरून ऑइल ओतण्यापूर्वी पॅडची झीज आणि गळती तपासणे आवश्यक आहे.

काही ग्राहक हे काम घरी करतात. त्यांनी गाडी सपाट जागी उभी करावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर न राहता गाडी पक्क्या स्टँडवर टेकवावी. डबीतील जुने ऑइल सिरिंजने उपसून नवे भरावे आणि पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने एकेका चाकाचे निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू, रिंग पान्याने सैल करावे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडायचे, ऑइल बाटलीत उतरले की निपल बंद करायचे आणि त्यानंतरच पाय उचलायचा. पाय आधी उचलला गेला, तर हवा आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबल्यास मास्टर सिलिंडरमधील सील फाटण्याची शक्यता असते, म्हणून पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. डबी या साऱ्या काळात रिकामी होता कामा नये. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे त्या यंत्रणेच्या झडपांच्या भागात, हवा शिरली, तर ती काढण्यासाठी बहुधा स्कॅनर लागतो, त्यामुळे अशी गाडी घरी उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नव्या ऑइलचा डबा सीलबंदच घ्यावा आणि गाडीतील डबीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचाच घ्यावा. मागच्या वेळी उघडून ठेवलेले उरलेले ऑइल वापरू नये. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, ते या ऑइलमध्ये कधीही मिसळू नये. इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंगचे ऑइल चुकून डबीत पडले, तर रबरी सील फुगतात. अशा वेळी ब्रेक न वापरता गाडी उचलून गॅरेजला आणावी. रंगावर सांडलेले ऑइल रंग उडवते, म्हणून ते पुसत न बसता लगेच भरपूर पाण्याने धुवावे. ते विषारी आहे, त्यामुळे जुने ऑइल पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये आणि गटारातही ओतू नये. आमच्याकडे आणून दिल्यास आम्ही ते स्वीकारतो.

आमच्याकडे हे काम करून घेताना आपण जवळ उभे राहावे, अशी आमची विनंती आहे. सीलबंद डबा आम्ही आपल्यासमोर उघडू आणि चारही चाकांच्या नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेले ऑइल येताना दाखवू. केवळ डबीतील ऑइल उपसून नवे ओतणे, म्हणजे ऑइल बदलणे नव्हे. सर्वाधिक तापणारे ऑइल कॅलिपरपाशी असते आणि ते तिथेच राहते. बऱ्याच गाड्यांत क्लचलाही याच डबीतून ऑइल जाते, तेव्हा तेही बदलले का, हे विचारावे.

गाडी ताब्यात घेताना इंजिन सुरू करून पेडल काही क्षण दाबून धरावे. सुरुवातीला ते किंचित खाली जाते. त्यानंतर मात्र ते एका जागी घट्ट थांबले पाहिजे. ते मऊ लागले किंवा हळूहळू खाली जात राहिले, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. आम्ही ते काम त्याच वेळी पुन्हा करून देऊ.