जॉइंट टॅक्स रिटर्न नाहीये, मग लग्न खरं आहे हे ग्रीन कार्डसाठी दाखवायचं कसं?

आपल्याकडच्या नव्या जोडप्यांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. नवरा किंवा बायको अमेरिकन सिटीझन, दुसरा अजून पुण्यात नाहीतर इथेच अमेरिकेत एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आय-१३० म्हणजे जोडीदारासाठीचा अर्ज भरायला घेतला आणि कुणीतरी दिलेल्या चेकलिस्टमधे पहिलंच "जॉइंट टॅक्स रिटर्न", म्हणजे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न, लिहिलेलं, ते तर आपल्याकडे नाही, झालं, रात्रीची झोप उडाली. मी स्वतः नवऱ्यासाठी हे सगळं केलंय, तो साताऱ्यात आणि मी न्यू जर्सीत, आणि आमच्याकडेही जॉइंट रिटर्न नव्हतं. म्हणून आधी मुद्द्याचं सांगते, जॉइंट रिटर्न नाही एवढ्याच कारणावरून केस नाकारली जात नाही.

आय-१३० च्या सूचना एकदा शांतपणे वाचा. लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून तिथे सहा प्रकार दिलेत, दोघांच्या नावावरची प्रॉपर्टी, दोघांच्या नावाचा भाडेकरार, पैसे एकत्र असल्याचे कागद, मुलांचे जन्मदाखले, ओळखीच्या लोकांची अॅफिडेव्हिट्स, आणि याशिवाय लग्न खरं असल्याचं दाखवणारं दुसरं काहीही. यातलं "एक किंवा जास्त" द्या असं लिहिलंय. टॅक्स रिटर्न हे शब्दही त्या यादीत नाहीत, ते पैसे एकत्र असल्याच्या प्रकारात बसतं इतकंच. ऑफिसरला खरं बघायचं असतं की लग्न करताना दोघांना एकत्र संसार करायचा होता का, का फक्त कार्डासाठी सही केली. ही कसोटी १९८३ च्या लॉरिआनो नावाच्या इमिग्रेशन अपील बोर्डाच्या निकालात स्पष्ट मांडलीय आणि आजही तीच वापरतात. पुरावाही शंभर टक्के लागत नाही, लग्न खोटं असण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त वाटली पाहिजे, म्हणजे तराजू थोडासा आपल्या बाजूला झुकला तरी पुरतं.

आता एक गोंधळ सगळेच करतात. टॅक्स रिटर्न दोन ठिकाणी येतं आणि दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही. एक म्हणजे लग्नाचा पुरावा म्हणून, ते ऐच्छिक. दुसरं आय-८६४ साठी, म्हणजे स्पॉन्सर मी याला सांभाळीन असं लिहून देतो तो फॉर्म, तिथे स्पॉन्सरचं शेवटच्या वर्षाचं फेडरल रिटर्न किंवा आयआरएसचं (अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं) ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा उतारा, लागतंच, आणि उत्पन्न गरिबी रेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं. कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर घेता येतो, काका, मामा, मित्र कुणीही, फक्त तो सिटीझन किंवा ग्रीन कार्डवाला आणि अमेरिकेत राहणारा हवा. त्यामुळे "टॅक्स रिटर्नशिवाय चालेल का" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या फॉर्मसाठी? लग्नासाठी चालेल. आय-८६४ साठी स्पॉन्सरला कायद्याने रिटर्न भरायची गरजच नव्हती तरच चालेल, तेही लेखी कारण जोडून. इथे एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही, लग्न झालेल्या माणसाने वेगळं रिटर्न भरायचं असेल तर उत्पन्नाची मर्यादा फक्त ५ डॉलर आहे, म्हणजे थोडी जरी कमाई असली तरी "मला भरायची गरज नव्हती" हे कारण बहुतेकांना लागू होत नाही.

जॉइंट रिटर्न का नाही याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. लग्न यंदाच्या मार्चमधे झालं असेल तर वर्ष संपायचंय, रिटर्न येणार कुठून. आयआरएस ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित आहात का तेवढंच बघतं, त्यामुळे ३० डिसेंबरला लग्न झालं तरी त्या पूर्ण वर्षासाठी विवाहित आणि २ जानेवारीला झालं तर मागच्या वर्षासाठी अविवाहित. दुसरं कारण, जोडीदार भारतात आहे, त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही आणि आयटिन, म्हणजे फक्त टॅक्ससाठीचा नंबर, तोही काढलेला नाही. तिसरं कारण आपल्या लोकांमधे खूप असतं आणि ते अगदी योग्य आहे, भारतातल्या जोडीदाराला जॉइंट रिटर्नमधे घेतलं की त्याचं तिकडचं सगळं उत्पन्न, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, दुकानाचा नफा, सगळं अमेरिकेच्या रिटर्नमधे दाखवावं लागतं, म्हणून सीए आणि इथला अकाउंटंट दोघंही मॅरीड फायलिंग सेपरेटली, म्हणजे विवाहित पण वेगळं रिटर्न, भरा म्हणतात. काही जण स्टुडंट लोनचा हप्ता कमी बसावा म्हणून वेगळं भरतात. यातल्या एकाही कारणाने लग्न खोटं ठरत नाही.

आणि दोघंही भारतातच राहत असाल, म्हणजे सिटीझन बायको नवऱ्यासोबत नाशिकला राहते आणि आता दोघांना अमेरिकेत जायचंय, तर भारतातल्या जॉइंट रिटर्नचा प्रश्नच येत नाही कारण भारतात नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न हा प्रकारच नाही, प्रत्येकाचा पॅन वेगळा, आयटीआर वेगळा. हे अमेरिकेतल्या ऑफिसरला माहीत असेलच असं धरू नका, पत्रात एका वाक्यात लिहा. फक्त गोव्याच्या जोडप्यांनी आपला आयटीआर नीट बघावा. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं वाटून दाखवावं लागतं, त्यासाठी शेड्यूल ५ए असतं आणि त्यात जोडीदाराचं नाव आणि पॅन येतो, तो कागद लग्नाचा चांगला आर्थिक पुरावा आहे.

जे अजिबात चालत नाही ते म्हणजे लग्न झालं त्या किंवा त्यापुढच्या वर्षासाठी "सिंगल" म्हणून रिटर्न भरणं. आमचं लग्न डिसेंबरमधे साताऱ्याला झालं, मी परत आले, आणि माझं रिटर्न भरून देणाऱ्याने मागच्या वर्षीचीच माहिती पुढे ओढली आणि सिंगल टाकलं. मी न वाचता सही केली. नंतर आय-८६४ साठी ट्रान्सक्रिप्ट काढलं तेव्हा लक्षात आलं, पोटात गोळाच आला, कारण एका सरकारी खात्याला सांगतेय मी विवाहित आहे आणि दुसऱ्याला सांगतेय नाही. मग १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न, भरून मॅरीड फायलिंग सेपरेटली केलं, नवऱ्याच्या नंबरच्या जागी एनआरए (नॉन-रेसिडेंट एलियन) लिहिलं, कारण त्याच्याकडे अमेरिकेचा कुठलाच नंबर नव्हता, आणि दुरुस्तीची कॉपी फाइलला जोडली. तुमचं असं झालं असेल तर आधी ते दुरुस्त करा मग पुढचं. वेगळं भरलेलं रिटर्न नंतर जॉइंटही करता येतं, मूळ मुदतीपासून ३ वर्षांच्या आत, पण फक्त इमिग्रेशनला बरं दिसावं म्हणून करू नका, टॅक्स किती बसतो ते आधी बघा.

मग फाइलमधे पहिल्या पानावर एक साधं पत्र ठेवायचं, दोघांच्या सहीचं. लग्न अमुक तारखेला झालं, जॉइंट रिटर्न अमुक कारणाने नाही, वेगळं रिटर्न जोडलंय, आणि त्याऐवजी आमच्या एकत्र आयुष्याचे हे कागद देतोय. एवढंच. मी काही पत्रं चार चार पानांची बघितलीत ज्यात प्रेमकहाणी आहे आणि रिटर्नचा मुद्दाच नाही, ऑफिसर तो मुद्दा शोधत बसतो.

दोघं अमेरिकेत एकत्र राहत असाल तर काम सोपं आहे. लीजवर जोडीदाराचं नाव घालून घ्या, लँडलॉर्ड पूर्ण लीज बदलत नसेल तर निदान राहणारा म्हणून नाव टाकलेलं पत्र घ्या. गाडीच्या इन्शुरन्सवर दोघं, हेल्थ इन्शुरन्समधे जोडीदार डिपेंडंट, ४०१के (रिटायरमेंटचं खातं) आणि लाइफ इन्शुरन्सला बेनिफिशरी, वीज-इंटरनेटच्या बिलावर दोन्ही नावं किंवा निदान एकाच पत्त्यावर दोघांची वेगवेगळी बिलं. जॉइंट अकाउंट नुसतं उघडून त्यात शंभर डॉलर ठेवले तर त्याला काही किंमत नाही, स्टेटमेंटमधे भाडं जातंय, किराणा जातोय, दोघांचे पगार येतायत हे महिन्यामहिन्यांनी दिसलं पाहिजे.

लांब राहणाऱ्या जोडप्यांना वाटतं आपल्याकडे काहीच नाही, पण आपल्या लग्नांइतके कागद आणि साक्षीदार कुठे असतात सांगा. लग्नाचा रजिस्ट्रेशन दाखला तर हवाच, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून घेतलेला. त्याशिवाय पत्रिका, कार्यालयाची पावती, केटररचं बिल, साखरपुडा, केळवण, हळद, सप्तपदी, सत्यनारायण, यातले निवडक २०-२५ फोटो, आणि प्रत्येकाखाली तारीख, गाव, कोण कोण उभं आहे ते लिहा. नुसते दोघांचे पोझवाले फोटो नकोत, दोन्हीकडचे आई-वडील, आत्या, मामा एका फ्रेममधे असलेले द्या, कारण कार्डासाठी केलेल्या लग्नात दोन्हीकडची पन्नास माणसं जेवून जात नाहीत. लग्नानंतरच्या प्रत्येक भेटीची विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के द्या, आणि गणपतीला किंवा दिवाळीला गेलात तर तेव्हाचे घरातले फोटोही. व्हॉट्सअॅपच्या पूर्ण चॅट्स नको, दर महिन्याचे दोन-तीन स्क्रीनशॉट आणि कॉल लॉग पुरे.

पैशाच्या बाजूने भारतातलेही बरेच कागद असतात. बँकेत दोघांचं जॉइंट खातं किंवा नॉमिनी, एलआयसीची पॉलिसी, पीएफचं नॉमिनेशन, मेडिक्लेममधे जोडीदाराचं नाव, रेशनकार्ड, इथून पाठवलेल्या पैशांच्या पावत्या. माझ्या नवऱ्याने पीएफला अजून आईचंच नाव ठेवलं होतं, ते बदललं आणि त्याचा प्रिंटआउट जोडला, दहा मिनिटांचं काम होतं.

अॅफिडेव्हिट हा भाग लोक फार हलका घेतात. "मी यांना ओळखतो, हे चांगलं जोडपं आहे" अशा एकाच साच्यातल्या पाच चिठ्ठ्या दिल्या तर त्या वाया गेल्या समजा. लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मठिकाण, तुमच्याशी नातं, आणि मुख्य म्हणजे त्याला हे लग्न कसं माहीत आहे, ते तपशिलात हवं. माझ्या नणंदेने लिहिलं की लग्नानंतर पहिल्या मुक्कामात मी आजारी पडले तेव्हा मला दवाखान्यात कुणी नेलं, किती दिवस होते, कोण जागत होतं, असं लिहिलेलं खोटं वाटत नाही. टॅक्स रिटर्न नसेल तर अशी दोन-तीन चांगली पत्रं नक्की घ्या, पण फक्त त्यांच्यावर केस उभी करू नका, बरोबर कागद हवेतच.

यूएससीआयएसला, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला, जाणारा प्रत्येक मराठी कागद इंग्रजी भाषांतरासहित द्यायचा, पत्रिका आणि रेशनकार्डसुद्धा. भाषांतर दोन्ही भाषा येणारी कुणीही व्यक्ती करू शकते, तिने भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे आणि मला दोन्ही भाषा येतात असं लिहून सही करायची, नोटरी लागत नाही. नावाचंही बघा, आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं, तर ही सगळी एकच व्यक्ती आहे हे सांगणारं एक अॅफिडेव्हिट जोडा.

पुढचा टप्पा दोन वर्षांनी येतो. ग्रीन कार्ड मिळतं त्या दिवशी लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर कार्ड कंडिशनल, २ वर्षांचं मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ही कंडिशन काढायचा फॉर्म, भरायचा असतो. इथल्या सूचनांमधे मात्र जॉइंट टॅक्स रिटर्नचा उल्लेख नावाने आहे, म्हणून इथे वेगळं रिटर्न भरलं असेल तर कारणाचं पत्र अजून नीट लिहा आणि दोन वर्षांतले बाकीचे आर्थिक कागद सलग द्या, फक्त शेवटच्या तीन महिन्यांचे नाही.

आणि हे आपल्या मुलींसाठी, कारण हे मी जवळून पाहिलंय. नवरा रिटर्न दाखवत नाही, बँकेचं काही कळू देत नाही, हात उचलतो, आणि म्हणतो मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल. हे खरं नाही. छळ होत असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर आय-७५१ एकटीने वेव्हर, म्हणजे नवऱ्याच्या सहीतून सूट, मागून भरता येतो, आणि नवऱ्याने पिटिशनच केलं नसेल तर व्हॉवा या छळ झालेल्यांसाठीच्या कायद्याखाली आय-३६० स्वतः भरता येतो, नवरा सिटीझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर, आणि नवऱ्याला त्याची खबर दिली जात नाही. तिथे कुठलाही विश्वासार्ह पुरावा चालतो, म्हणजे डॉक्टरचे कागद, शेजारणीचं पत्र, मुलांच्या शाळेचे फॉर्म, त्या पत्त्यावर तुझ्या नावाने आलेली पाकिटं. जमेल तशी प्रत्येक कागदाची एक फोटोकॉपी बहिणीकडे नाहीतर मैत्रिणीकडे ठेव, आणि फॉर्म भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला भेट, कमी फीत किंवा फुकट मदत करणाऱ्या संस्था असतात.

फाइल गेल्यावर पुरावा कमी वाटला तर आरएफई येतो, म्हणजे अजून कागद मागतात. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, मुदत वाढवून मिळत नाही, आणि उत्तर एकदाच, सगळं एकत्र द्यायचं असतं, म्हणून दोन-तीन कागद राहिलेत म्हणून अर्धवट पाठवू नका. आरएफईमधे टॅक्स रिटर्न मागितलं असेल तर गप्प बसू नका, तेच कारणाचं पत्र आणि सोबत वेगळं रिटर्न किंवा आयआरएसचं रिटर्न न भरल्याचं पत्र द्या. आणि इंटरव्ह्यूला जाताना, मग ते इथलं ऑफिस असो की मुंबईचं बीकेसीतलं कॉन्सुलेट, फाइल दिल्यानंतरच्या काळातले नवे कागद वेगळ्या फोल्डरमधे न्या. माझ्या नवऱ्याला रिटर्नचं विचारलं, मी वेगळं का भरलं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं, ऑफिसरने दिवाळीचे फोटो आणि पीएफचा कागद बघितला आणि पुढचा प्रश्न त्याच्या नोकरीचा विचारला.