स्क्रिप्ट रखडते कुठे?

वेबसाइट रखडू लागली की पहिला संशय सर्व्हरवर. रॅम वाढवा, मोठं मशीन घ्या! प्रत्यक्षात स्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइटचं पान तयार करणारा प्रोग्राम, बराच वेळ काहीच करत नसते. माहिती साठवणाऱ्या डेटाबेसच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली असते.

म्हणून आधी मोजावं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'स्लो क्वेरी लॉग' असतो, म्हणजे रेंगाळलेल्या क्वेरींची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची) नोंदवही, पण तो मुळात बंद असतो आणि चालू केला तरी १० सेकंदांहून रेंगाळणाऱ्या क्वेरीच टिपतो. ही मर्यादा एका सेकंदावर आणली की खरे चोर सापडू लागतात. सापडलेल्या क्वेरीआधी 'एक्सप्लेन' लिहून ती चालवायची. डेटाबेस अंदाजे किती ओळी चाळणार हे दिसतं. दहा ओळींसाठी दहा लाख चाळत असेल, तर बहुधा इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी क्रमवार यादी, नाही.

बहुतेक इंडेक्स बी-ट्री रचनेचे असतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी १९७०च्या सुमारास बोइंगच्या प्रयोगशाळेत ती बांधली. डिस्कवरच्या एकेका पानात शेकडो नोंदी क्रमाने मावतात, त्यामुळे दहा लाखांतली एक ओळ तीन-चार पानं उलटली की हाती लागते. मात्र तारखेवर इंडेक्स असताना 'वर्ष बरोबर २०२४' असं फंक्शन लावून विचारलंत, तर तो सहसा निकामी होतो. '१ जानेवारी २०२४पासून १ जानेवारी २०२५च्या आधीपर्यंत' असं विचारा. पण इंडेक्स उपयोगी आहे म्हणून तो दिसेल त्या कॉलमवर (तक्त्यातल्या रकान्यावर) ठोकू नका. नवी ओळ घालताना त्या सगळ्यांत नोंद करावी लागते.

दुसरा चोर जास्त बेरकी. १०० ऑर्डरींची यादी एका क्वेरीत आणली आणि लूपमध्ये, म्हणजे एकेक ऑर्डर घेत, प्रत्येकीच्या ग्राहकाचं नाव वेगळं विचारलं, की झाल्या १०१ क्वेरी. एकेक दोन मिलिसेकंदांची, म्हणून स्लो लॉगमध्ये एकही येत नाही. चाचणीच्या पाच ओळींवर सगळं सुरळीत. हजार ओळी झाल्या की वेबसाइटचं पान दोन सेकंद अडकतं. ऑर्डरी आणि ग्राहक यांचे तक्ते जोडणारा जॉइन लावून एकदाच विचारलं की काम भागतं.

कॅश मी अगदी शेवटी लावतो. उत्तर मेमरीत ठेवून पुन्हा देणं झटपट होतं खरं, पण मूळ माहिती बदलल्यावर ते जुनं उत्तर पुसायचं कोणी आणि कधी, हे आधी ठरवावं लागतं.