ब्रेक ऑइल कमी झालं, की नुसतं वरून भरायचं?

‘ब्रेक ऑइल कमी झालंय? वरून भरा, झालं काम,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो सहज पटतो, कारण इंजिन ऑइल आपण तसंच भरतो. पण ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. त्यातलं ऑइल जळत नाही, खर्च होत नाही. मग पातळी उतरते कशी? डिस्क ब्रेकचे पॅड झिजले की कॅलिपरमधला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला, पिस्टन पुढे सरकतो आणि मागची जागा ऑइल भरून काढतं. नाहीतर कुठेतरी गळती असते, आणि ती जिवावर बेतू शकते.

म्हणून आधी पॅडची जाडी बघा. पॅड झिजले असतील तर नवे बसवताना पिस्टन मागे ढकलला जातो, पातळी आपोआप वर येते. आधीच वरून भरलेलं असेल तर ऑइल उतू जातं, गाडीचा रंगही खराब करतं. पॅड जाड असूनही पातळी उतरलीय? मग चाकांची आतली बाजू, ब्रेकच्या नळ्या, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग) कुठे ओलसर आहे का ते गॅरेजमध्ये तपासून घ्या. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात असेल तर गाडी चालवूच नका.

शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, म्हणजे ब्रेक तापले की ते लवकर उकळतं आणि ब्रेक नीट लागत नाहीत. वरून नवं ओतून तो ओलावा जात नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत ते पूर्ण बदलावंच लागतं.