फौज, बाजार आणि पाणी: संभाजीनगरच्या अर्ध्या दिवसाच्या फेरीमागचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरात पाहुणे आले की त्यांचा एक दिवस वेरूळला जातो, दुसरा अजिंठ्याला. मग परतीच्या गाडीआधी एखादी सकाळ उरते आणि तेवढ्यात शहर दाखवायचं असतं. गाइड किंवा ओळखीचा रिक्षावाला ठरलेल्या वाटेनं नेतो. राजाबाजारातला संस्थान गणपती, गुलमंडीवरचा सुपारी हनुमान, शहागंज, किले अर्कजवळची जामा मशीद, पानचक्की, बीबी का मकबरा, मकबऱ्यामागच्या डोंगरातली बुद्धलेणी, आणि ऊन फार चढलं नसेल तर छावणी आणि कर्णपुऱ्याची देवी. चार-पाच तासांत देऊळ, मशीद, दर्गा, लेणं, गुरुद्वारा, जैन मंदिर आणि चर्च असं सगळं होतं. सांगणारा बहुतेक वेळा राजांच्या क्रमानं सांगतो: आधी मलिक अंबर, मग औरंगजेब, मग निजाम. सनावळ्या बरोबर असतात, पण एवढ्या धर्मांची माणसं या एकाच खडकाळ मैदानावर का जमली, याचं उत्तर राजांच्या यादीत मिळत नाही. ते मिळतं फौज कुठं उतरली, बाजार कुठं भरला आणि पाणी कुठवर पोचलं यात. इथं माणसं पोटासाठी आली आणि त्यांच्यामागून त्यांचे देव आले.

फेरीत लेणी शेवटी येतात, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. औरंगाबादची लेणी वेरूळपुढं लहान म्हणून पाहुणे ती टाळतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. चौथ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, यांतलं सर्वांत जुनं. बाकीची बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. सातव्या लेण्याच्या दाराशेजारी अवलोकितेश्वर, संकटातून सोडवणारा बोधिसत्त्व, उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत: आग, तलवार घेतलेला चोर, साप, सिंह, पिसाळलेला हत्ती, बेड्या आणि बुडणारं जहाज. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरी जहाज का? कारण या डोंगराखालून पैठणचा व्यापारी मार्ग जात होता. इथं येऊन हात जोडणाऱ्याचा माल कधी जंगलातून, कधी बंदरातून जायचा. त्याची भीती जशीच्या तशी दगडात उतरली आहे. सहाव्या लेण्याजवळच्या एका छोट्या दालनात तर गणपती आणि सप्तमातृका आहेत, आणि त्याच दालनात बुद्धही आहेत. गाइड घाईत असला तरी एवढं एक दालन दाखवायला सांगावं.

पुढची हजारएक वर्षं इथं राजधानी नव्हती. सत्ता देवगिरीला होती, सुफी खुलदाबादच्या डोंगरावर होते, भागवतधर्म पैठणला. खडकी, म्हणजे आजचं हे शहर, तेव्हा त्या सगळ्यांच्या मधलं एक गाव. १६१०मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं ते राजधानीसाठी निवडलं. हा मूळचा हबशी, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला पोचलेला. मुघलांशी लढायचं तर मराठा सरदार सोबत हवे होते. त्यांना त्यानं खडकीत वसवलं, आणि मालपुरा, खेलपुरा, परसोजीपुरा, विठापुरा असे पुरे, म्हणजे वस्त्या, उभे राहिले. वेरूळच्या भोसल्यांचं घराणं याच फौजेत वाढलं. जामा मशिदीचं बांधकाम अंबरनं सुरू केलं, पुढं औरंगजेबानं ते वाढवलं. जुन्या बाजारातली काळी मशीद त्याचीच, आणि १६१२चा भडकल दरवाजाही. त्याच्या मशिदी ठेंगण्या, भक्कम आणि काळ्या दगडाच्या आहेत. लढाईच्या धामधुमीत बांधल्यासारख्या. खडकीला फार काळ शांतता मिळालीही नाही. १६१६मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबर हरला आणि मुघलांनी गाव जाळलं. त्यानं ते पुन्हा उभं केलं.

ते पुन्हा उभं राहू शकलं ते नहरीमुळं, असं मला वाटतं. खाम नदी बारमाही भरवशाची नव्हती. अंबरनं उत्तरेच्या डोंगराकडून, हर्सूल-सावंगीच्या बाजूनं जमिनीखालून पाणी आणलं. कुठं दगडी बोगदा, कुठं खापराचे नळ. वाटेत ठरावीक अंतरावर मनोरे बांधले. पाणी त्यात चढायचं, अडकलेली हवा निघून जायची, दाब मोडायचा आणि पाणी पुढं सरकायचं. कुठंही मोट नाही, बैल नाही, फक्त उतार. ही नहर-ए-अंबरी. पुढच्या राजवटींनी याच पद्धतीच्या आणखी नहरी काढल्या. नकाशावर नहर आणि जुनी प्रार्थनास्थळं एकत्र पाहिली की शहराची मांडणी उलगडते. मशिदीला वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, हौद लागतो, देवळाला अभिषेकाचं पाणी, धर्मशाळेला प्यायचं. शहागंजच्या मशिदीचे हौद याच नहरीवर भरायचे. शहागंजचा बाजार आणि राजाबाजार एकमेकांना लागून आहेत, त्यामुळं खंडेलवाल दिगंबर जैन पार्श्वनाथ मंदिर, संस्थान गणपती आणि शहागंजची मशीद एका सकाळी पायी होतात. आजही विसर्जन मिरवणूक संस्थान गणपतीच्या आरतीनं सुरू होते. तो या शहराचा ग्रामदेव.

१६५३मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि शहराला त्याचं नाव मिळालं, औरंगाबाद. बादशहा झाल्यावर १६८१च्या सुमारास तो पुन्हा दक्षिणेत उतरला आणि त्यानंतर उत्तरेत परतला नाही. पाव शतक अख्ख्या साम्राज्याची फौज या मुलखात राहिली. मुघलांच्या फौजेत राजपूत होते, बुंदेले होते, मध्य आशियातले तुराणी होते. प्रत्येक मोठ्या सरदाराची छावणी म्हणजे एक गावच: सैनिक, सुतार, भटजी, वाणी, स्वयंपाकी. नान आणि मटणाच्या रश्श्याचा नान-खलियाही या फौजी मुदपाकखान्यातलाच, असं इथं सांगतात. तटाबाहेर जयसिंगपुरा, जसवंतपुरा, पहाडसिंगपुरा हे पुरे वसले, आणि बिकानेरच्या राजघराण्याचे कर्णपुरा, पदमपुरा, केसरसिंगपुरा. बिकानेरचा राजा कर्णसिंग याच भागात राहिला आणि १६६९मध्ये वारला. कर्णपुऱ्यातलं तुळजाभवानीचं देऊळ त्यानं बांधलं, अशी परंपरा आहे. मुघलांच्या नोकरीतला राजस्थानी राजा दख्खनच्या मुक्कामात देवीची स्थापना करतो, आणि साडेतीनशे वर्षांनी नवरात्रात सगळ्या शहराची जत्रा तिथंच भरते. या फेरीतली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच.

मकबरा खरं तर प्रार्थनास्थळ नव्हे, कबर आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७मध्ये वारली. तिच्यासाठी मुलगा आझमशहा यानं हे बांधलं, असं मानतात. ताजशी तुलना करून लोक नाक मुरडतात, पण मुख्य दरवाजावरचा लेख वाचावा. त्यात दोन नावं आहेत: अताउल्ला आणि हंसपतराय. एक ताजच्या वास्तुविशारदाचा, उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. दुसरा बांधकाम पाहणारा हिंदू अभियंता. खर्च नोंदला गेला तो ६,६८,२०३ रुपये ७ आणे.

पानचक्कीवर मात्र थांबावं. घाई असेल तर बाकीचं सोडावं. बाबा शाह पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर हे नक्षबंदी परंपरेचे सुफी, बुखाऱ्याच्या मुलखातून आलेले. पलंगपोश फौजेबरोबर फिरायचे. हैदराबादच्या पहिल्या निजामाचे वडील गाझीउद्दीन खान फिरोजजंग यांच्या सैन्यात त्यांचा वावर होता, कारण त्या सैन्यातले तुराणी शिपाई त्यांचे गाववाले. मुसाफिर शहरात राहिले. खामच्या काठी, महमूद दरवाजाजवळ त्यांचा तकिया, म्हणजे फकिरांचा मठ, होता. वाटसरू, फकीर, रजेवरचे आणि जखमी शिपाई तिथं टेकायचे. एवढ्या माणसांना भाकरी घालायची तर दळण हवं. ते करायला पाण्यावर चालणारी चक्की बसली. हर्सूलच्या बाजूनं कित्येक मैल खापराच्या नळातून आलेलं पाणी उंच भिंतीवर चढतं, तिथून हौदात पडतं; त्या पडण्याच्या जोरावर पातं फिरतं आणि जातं दळतं. गुरू-शिष्यांच्या कबरी तिथंच आहेत. फौज, पाणी आणि श्रद्धा एकाच अंगणात पाहायची तर ती इथं. पर्यटक पाण्याच्या पडद्याचा फोटो काढतात आणि निघतात. दळणाच्या खोलीत डोकावावं.

धावणी मोहल्ल्यातला भाई दयासिंगांचा गुरुद्वारा बऱ्याच फेऱ्यांतून गळतो. गुरू गोविंदसिंगांनी १७०५मध्ये औरंगजेबाला फारसी पद्यात जफरनामा लिहिला. तो घेऊन भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग पंजाबातून निघाले. दोघेही पंजप्याऱ्यांतले, म्हणजे खालशाच्या पहिल्या पाच शिखांतले. बादशहा तेव्हा अहमदनगरकडं होता, भेट मिळणं अवघड होतं. शीख परंपरा सांगते की दयासिंग तोवर या शहरात एका शीख घरी थांबले. बादशहावर अन्यायाचा आरोप ठेवणारं पत्र त्याच्याच नावाच्या शहरात जपून ठेवलं गेलं होतं. औरंगजेब १७०७मध्ये वारला. गुरूंचा शेवट १७०८मध्ये नांदेडला झाला. मराठवाड्यातल्या शीख स्थळांची गोष्ट लोक नांदेडपासून सुरू करतात, पण तिची एक गाठ इथं मारलेली आहे.

हे सगळं ऐकून ‘इथं सर्वधर्मसमभाव नांदत होता’ असं म्हणायचा मोह होतो. बरेच गाइड तसं म्हणतातही. ते मला पटत नाही. ज्यांचं गाव जाळलं गेलं, ज्यांच्या मुलखात पंचवीस वर्षं लढाई चालली, त्यांच्या दुःखाला यात जागा राहत नाही. पुरे वेगळे होते, वेशी वेगळ्या होत्या. एकत्र आणणाऱ्या गोष्टी होत्या पगार, माल आणि हौद. सोबत राहायचं कौशल्य लोकांनी त्यातून कमावलं, आणि ते कमावलेलं असल्यामुळं त्याची किंमत अधिक आहे.

१७६३मध्ये दुसऱ्या निजामानं राजधानी हैदराबादला नेली. सरदार गेले, बाजार आटला. नव्या वाड्यांसाठी जुनं पाडायची गरज उरली नाही. पुढं इंग्रजांच्या देखरेखीखालची हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या फौजेची, पलटण इथं राहू लागली. तिच्या छावणीत चर्च आली आणि मिशनचं काम सुरू झालं. म्हणजे पुन्हा फौजेमागून देव. १८५७मध्ये याच पलटणीतल्या घोडदळानं उठाव केला. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्याबद्दल झालेल्या शिक्षांची आठवण सांगतो.

शेवटची लाट मात्र फौजेची नव्हती. १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १९५०मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली, शाळेच्या दाराबाहेर ठेवलेली मुलं नागसेनवनात, म्हणजे या महाविद्यालयाच्या परिसरात, शिकायला आली. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि डोंगरातली लेणी, जी सरकारी संरक्षित वास्तू म्हणून उभी होती, तिथं पुन्हा वंदना सुरू झाली. पायथ्याशी नवं विहार उभं राहिलं. विजयादशमीला गावोगावचे पांढऱ्या कपड्यांतले लोक लेण्यांकडं चालत जातात, आणि त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला कर्णपुऱ्याची जत्रा फुललेली असते. मधल्या काळात फार सोसावं लागलं. १९७८मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला. विद्यापीठाचं प्रवेशद्वार लेण्यांच्या वाटेवरच आहे. फेरीत तिथं दोन मिनिटं थांबून एवढं तरी सांगायला हवं.

वाट ठरवायची तर मी उलटी ठरवीन. सकाळी उन्हाच्या आत लेणी, उतरताना विद्यापीठाचं गेट आणि मकबरा, मग पानचक्की, तिथून भडकल दरवाजा आणि जामा मशीद, शेवटी शहागंज, धावणी मोहल्ला, राजाबाजार आणि गुलमंडी. म्हणजे डोंगरातून पाणी ज्या बाजूनं उतरलं त्याच बाजूनं आपणही उतरतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदीत जाऊ नये. गुरुद्वाऱ्यात आणि दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल सोबत ठेवावा. कर्णपुरा या वाटेत बसत नाही. तिथं नवरात्रात, संध्याकाळी, वेगळं जावं.