निळवंती

निळवंती ही सह्याद्रीच्या उंच, गवताळ उतारांवर वाढणारी बहुवर्षायू रानटी वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव डेल्फिनियम मलबारिकम. ती रॅनन्क्युलेसी म्हणजेच मोरवेल कुलातील असून बचनाग आणि हिमालयातील अक्विलेजिया हे तिचे भाऊबंद होत. जुन्या वनस्पतिग्रंथांत तिला डेल्फिनियम डॅसिकॉलॉन या आफ्रिकी जातीत धरले जाई. आता ती पश्चिम घाटाची प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तिथेच आढळणारी, जाती मानली जाते.

कोल्हापूरकर सोनकी-तेरडा पाहायला पन्हाळा, मसाई पठाराकडे निघतात, तोच, म्हणजे भाद्रपद-आश्विनाचा काळ हिच्याही फुलोऱ्याचा. मात्र उघड्या कातळसड्यापेक्षा मातीचा बऱ्यापैकी थर असलेली जागा तिला मानवते. पाने खोलवर विभागलेली असतात. दिवाळीनंतर गवताबरोबर खोड वाळून जाते आणि जाड मुळे तेवढी जमिनीत तग धरून राहतात.

या झाडाचे खरे वैभव फुलाच्या रचनेत आहे. निळा रंग दिसतो तो पाकळ्यांचा नव्हे, पाच संदलांचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलांचा. वरच्या संदलातून मागे लांब, पोकळ शुंडिका, म्हणजे नळीसारखे शेपूट, निघते. खऱ्या पाकळ्या चारच आणि लहान. त्यांपैकी वरच्या दोन पाकळ्यांच्या शुंडिका संदलाच्या शुंडिकेत शिरलेल्या असतात आणि मकरंद त्यांतच साठतो. तो मिळवायचा तर कीटकाला लांब सोंड हवी. अक्विलेजियात पाचही पाकळ्यांना स्वतंत्र शुंडिका असतात, म्हणून फूल चोहीकडून सारखे दिसते. निळवंतीचे फूल मात्र एकाच अक्षावर सममित असते. मंजरी खालून वर उमलत जाते. फुलात आधी पुंकेसर पिकतात, स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे मंजरीत खाली जुनी, स्त्री-अवस्थेतली फुले आणि वर परागांनी भरलेली नवी फुले असा क्रम लागतो. खालून वर चढणारा भुंगा परके पराग आधी पोचते करतो आणि शेवटी नवे घेऊन उडतो. इतकी नेटकी योजना हाताशी असताना फुलोरा खुडणे म्हणजे त्या वर्षीचे बीच बुडवणे होय.

शोभेचे झाड म्हणून तिच्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागात अभ्यास झाला आहे. गॅमा किरण व रसायनांचा वापर करून तिच्यात उत्परिवर्तने, म्हणजे आनुवंशिक बदल, घडवण्याचे प्रयोग तेथे करण्यात आले. बागेसाठी रोप हवे असेल तर ते बियांपासूनच करावे. डोंगरावरची मुळे उपटून आणणे सर्वस्वी अयोग्य.

डेल्फिनियम प्रजातीत विषारी अल्कलॉइडे असतात व ती चरणाऱ्या गुरांना बाधतात. त्यामुळे निळवंतीचा कोणताही भाग घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नये.