हेडफोनमध्ये गोड, भोंग्यावर पोकळ

आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत आता खंजिरीसोबत गिटारही दिसते, आणि सेलवर चालणारा छोटा मल्टिट्रॅक रेकॉर्डर (प्रत्येक माइकचा आवाज वेगळा साठवणारा) असला की लाइट गेली तरी काम अडत नाही. पण पोट्ट्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. गिटारला एक माइक, गळ्याला एक माइक, दोन वेगळे ट्रॅक डावी-उजवीकडे, हेडफोनमध्ये ऐकलं तर मस्त, आणि तेच गाणं देवळावरच्या भोंग्यावर लावलं की गळा पोकळ, रांजणात तोंड घालून गायल्यासारखा. मग कोणी म्हणते माइक स्वस्त होता, कोणी म्हणते व्हॉट्सॲपनं फाइल दाबली. खरं कारण वेगळंच आहे भाऊ, इथं आवाजच आवाजाला खातो.

हवेत आवाज 20 अंशाला सेकंदाला साधारण 343 मीटर जातो (आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर गेला की 358 च्या आसपास). म्हणजे 1 मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर. आता बघा, तोंडापासून गळ्याचा माइक 15 सेंटिमीटरवर आणि गिटारचा माइक 50 वर. गळा दोन्ही माइकमध्ये शिरते, पण गिटारच्या माइकमध्ये सुमारे 1 मिलिसेकंद उशिरा. 500 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 500 कंपनांच्या लाटेचं एक पूर्ण आवर्तन 2 मिलिसेकंदांचं, म्हणजे 1 मिलिसेकंद उशीर झाला की अर्धं आवर्तन मागं, एकीकडे उंचवटा तेव्हा दुसरीकडे खळगा, दोन्हीकडे गळा सारख्या जोराचा धरला तर बेरीज केली की आवाज गेला. 1000 हर्ट्झला मात्र पूर्ण आवर्तनाचा उशीर होते, उंचवट्यावर उंचवटा येते आणि तो सूर उलट मोठा होते. 1500 ला परत खड्डा, 2500 ला खड्डा, 3500 ला खड्डा, असं वरपर्यंत. कंगव्याच्या दातांसारखे हे खड्डे, म्हणून याला कोम्ब (कंगवा) फिल्टरिंग म्हणतात. आणि 'आ', 'ए', 'ओ' आपल्याला वेगवेगळे ऐकू येतात ते मुख्यतः याच 300 ते 2500 हर्ट्झच्या पट्ट्यातल्या चढउतारांमुळे, म्हणून नेमका गळाच मार खाते.

हेडफोनमध्ये एक ट्रॅक एका कानात, दुसरा दुसऱ्या कानात, बेरीज होतच नाही. भोंग्याला दोन्ही मिसळूनच जातात.

यावर हुशार पोट्टे म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये गिटारचा ट्रॅक 1 मिलिसेकंद अलीकडे सरकवू. सेकंदाला 44,100 सॅम्पल (आवाजाची मोजमापं) असले तर 44 सॅम्पल सरकवायचे. गळा जुळते, अगदी बरोबर. पण गिटारचं काय? गिटारचा आवाज आधी स्वतःच्या माइकला पोचते आणि गळ्याच्या माइकला समजा 1 मिलिसेकंद उशिरा. तुम्ही गिटारचा ट्रॅक आणखी अलीकडे ओढला, म्हणजे तिथला फरक 1 चा 2 झाला, आणि गिटारचे खड्डे आता 250, 750, 1250 वर आले. उगमच दोन ठिकाणी आहेत न, त्यामुळे दोघांनाही चालेल असं सरकवणं असूच शकत नाही. मला या गणितातली ही जागा सगळ्यात जास्त आवडते. फेजचं, म्हणजे लाट उलटी करायचं बटन दाबूनही उशीर जात नाही, खड्डे आणि उंचवटे जागा बदलतात फक्त, 500 भरते तर 1000 रिकामं होते, वरून खर्जही पातळ होते.



उशीर काढता येत नाही तर मग दुसऱ्या माइकमध्ये शिरलेली गळ्याची प्रत कमजोर करायची. खड्डा पूर्ण खोल पडते ते दोन्ही प्रती सारख्या जोराच्या असल्या तरच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबल उतरते, तिप्पट झालं की साडेनऊ. दोन्ही माइकचे गेन (आवाज वाढवायचं प्रमाण) सारखे असतील आणि गळा दुसऱ्या माइकपासून तिप्पट लांब असेल तर खड्डा साडेतीन डेसिबलच्या आसपासच राहते, कानाला एवढं खुपत नाही. त्यात कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचंच ऐकणारा) पाठीमागून बहिरा राहते, म्हणून गिटारचा माइक वरून खाली गिटारकडे असा वाकवायचा की त्याची पाठ तोंडाकडे येईल.

पण खरं सांगू, बाहेरचे माइक ठेवा बाजूला आणि रेकॉर्डरवरचे एक्स-वाय माइक, म्हणजे एकमेकांना लागून तिरपे बसवलेले दोन माइक वापरा. त्यांची तोंडं वेगळ्या दिशांना असली तरी ते जवळपास एकाच बिंदूवर असतात, आवाज दोघांना एकाच वेळी पोचते, फरक फक्त जोराचा, म्हणून मिसळलं तरी बिघडत नाही. गळा कमी वाटला तर रेकॉर्डर वर उचला, गिटार कमी वाटली तर खाली घ्या. अंतर वाढलं की भिंतींचा घुमारा येईल, पण वेचणीनंतर भाव यायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेली खोली असेल तर तिथं बसा, तंतूंमधल्या हवेच्या घर्षणात आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते, खर्ज सोडला तर घुमारा राहतच नाही.

तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन रेकॉर्ड करायचं असेल तर दोन माइकचा नादच नको. खंजिरीचा हात गाताना वर-खाली होते, दोन्ही माइकपासूनचं तिचं अंतर सतत बदलते, म्हणून तिचे खड्डे एका जागी थांबत नाहीत, प्रत्येक ठेक्याला सरकत राहतात, आणि ते नंतर कोणत्याच इक्वलायझरनं (ठरावीक हर्ट्झचा आवाज वाढवा-कमी करायच्या साधनानं) भरून निघत नाहीत.